आईच्या फाइलमधली दोन मुले : निवारागृहातील किशोरवयीन भावंडांचे प्रकरण

सायली आणि निखिल ही खरी नावे नाहीत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र आहेत तसेच ठेवले आहेत. घरगुती हिंसेतून बाहेर पडलेल्या कुटुंबांसोबत जे काम करतात, त्यांना आपल्या संस्थेतल्या मोठ्या मुलांकडे नव्याने बघता यावे, एवढ्यासाठी हे लिहिले आहे.

पार्श्वभूमी

आई, सोळा वर्षांची सायली आणि चौदा वर्षांचा निखिल असे तिघे एका रात्री पोलिसांच्या गाडीतून निवारागृहात आले. वडील नोकरदार होते आणि ओळखीपाळखीत त्यांचे नाव चांगले होते. घरात रोज मारहाण होत होती असे नाही. रोज होता तो पहारा. आईचा फोन तपासायचा, खर्चाचा पैन्‌पै हिशेब मागायचा, माहेरच्यांशी बोलू द्यायचे नाही, आणि मधूनच एखाद्या क्षुल्लक कारणावरून हात उगारायचा. प्रवेशाच्या वेळी आईने जे सांगितले त्यात एक वाक्य असे होते : "एकदा गळ्याला हात लावला होता." फॉर्ममध्ये ते 'इतर' या रकान्यात नोंदले गेले आणि तिथेच राहिले. पुढे याच वाक्यावर सगळा निर्णय फिरला.

घर सोडले त्या रात्री निखिल दोघांच्या मध्ये पडला होता. त्याने वडिलांना ढकलले, ते कपाटावर आदळले, आणि त्या गोंधळात आई दोन्ही मुलांना घेऊन बाहेर पडली. पोलिसांच्या नोंदीत 'मुलाने मध्यस्थी केली' एवढेच आहे.

प्रवेशाच्या वेळचा पेच

निवारागृहाचा नियम बारा वर्षांवरील मुलग्याला प्रवेश न देण्याचा होता. असा नियम अनेक ठिकाणी आढळतो आणि तो उगाच आलेला नाही. लंडनच्या चिझिक भागात 1971 साली एरिन पिझी यांनी सुरू केलेला निवारा या कामातला सुरुवातीचा एक टप्पा मानला जातो. तिथून पुढे हे काम जगभर वाढले ते मुख्यतः आई आणि तिच्या कडेवरचे मूल डोळ्यांसमोर ठेवून. खोल्या, न्हाणीघरे, खेळघर, नियमांची पाटी, सगळे त्याच हिशेबाने उभे राहिले. शिवाय तिथल्या बायका पुरुषाच्या दहशतीतून निसटून आलेल्या असतात. रात्री बोळातून उंच मुलगा चालत गेला तरी एखादीच्या छातीत धडधडते. या भीतीला कमी लेखून चालत नाही.

निखिल उंच होता आणि त्याचा आवाज नुकताच फुटला होता.

त्या रात्री समोर तीन वाटा होत्या. त्याला मुलांच्या संस्थेत पाठवायचे, मावशीकडे ठेवायचे, किंवा अपवाद करायचा. मावशीचे घर वडिलांना माहीत होते. संस्थेत पाठवणे म्हणजे ज्या मुलाने आईला वाचवायला मध्ये उडी घेतली, त्यालाच त्याच रात्री आईपासून तोडणे. अधीक्षिकांनी अपवाद केला. कार्यालयालगतची, स्वतंत्र न्हाणीघर असलेली खोली या कुटुंबाला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे आधीपासून राहणाऱ्या बायकांना विचारले. दोघींनी हरकत घेतली, पण बोलणे झाल्यावर एक अट घालून त्या तयार झाल्या : रात्री नऊनंतर त्याने वरच्या मजल्यावर यायचे नाही.

मला हा निर्णय आजही योग्य वाटतो. तो निखिलपर्यंत ज्या रीतीने पोहोचला, तिथे मात्र काहीतरी निसटले. अटी आईला सांगितल्या गेल्या आणि आईने त्या आपल्या शब्दांत मुलाच्या कानावर घातल्या : "तुझ्यामुळे आपल्याला नाही म्हणत होते. आता नीट वाग." बायकांशी बोलणे झाले, आईशी झाले. ज्याच्याबद्दल हे सगळे चालले होते त्याच्याशी कुणी बोलले नाही.

पहिले काही आठवडे

प्रवेशानंतरची मुलाखत तिघांची एकत्र झाली. प्रश्न निखिलला विचारला तरी उत्तर सायली द्यायची. त्याचे स्वतःचे उत्तर "हं" एवढेच. दोघांची नोंद आईच्या फाइलमध्ये एका ओळीत होती : मुले दोन, वय, इयत्ता. लहान मुलांसाठी खेळाचा तास होता, चित्रे काढायला बोलावणाऱ्या ताई होत्या. बायकांसाठी समुपदेशन आणि कायदेशीर मदत होती. सोळा आणि चौदा वर्षांच्या मुलांना संध्याकाळी सहा ते दहा जायला जागा नव्हती. दूरदर्शन संच लहान मुलांच्या ताब्यात असायचा आणि अभ्यासाचे टेबल भोजनगृहात, भांड्यांच्या आवाजात.

रात्रपाळीच्या गृहमातेच्या वहीत निखिलबद्दल तीन-चार नोंदी आहेत. रात्री एक वाजता जागा. सकाळी उठत नाही. विचारले तर उलट बोलतो. एकदा 'उर्मट' असा शब्दही आला आहे. किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोप उशिरा येते, तरी आठ ते दहा तासांची गरज तशीच राहते. त्यात अशा घरातून आलेल्या मुलाची रात्र म्हणजे पहाऱ्याची वेळ. बाहेरच्या खोलीतला आवाज चढतोय का, दार आपटले का, हे ऐकत वर्षानुवर्षे जागलेले मूल दहा वाजता दिवे घालवले म्हणून झोपत नाही. वहीतली नोंद खरीच होती, तिचा अर्थ तेवढा चुकीचा लावला गेला.

एका संध्याकाळी खाली कुणीतरी त्याच्या हेडफोनवर पाय दिला आणि तो ओरडला. जिन्यात बसलेली एक दोन-अडीच वर्षांची मुलगी किंचाळत आईच्या पदराआड गेली. निखिल खोलीत गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आला नाही. 'राग आवरत नाही' अशी नोंद झाली. त्या मुलीला आपली भीती वाटली, हे बघून त्याला काय वाटले असेल, हे कुणी विचारले नाही.

सायलीचे सगळेच कौतुक करत. ती आईचे कागद एका पिशवीत तारखेनुसार लावून ठेवायची, वकिलांचे म्हणणे आईला समजावून सांगायची, सुनावणीच्या तारखा तिला पाठ होत्या. बैठकीत आई गप्प झाली की सायली वाक्य पूर्ण करायची. "किती शहाणी मुलगी आहे" हे ती दिवसातून दोनदा तरी ऐकत असे. तिच्या नावाने गृहमातेच्या वहीत एकही नोंद नाही.

प्रश्न पुढे आला तो दिवस

दुसऱ्या महिन्यात एके दुपारी सायलीला शाळेजवळच्या बसथांब्यावर वडील दिसले. ते काही बोलले नाहीत, फक्त उभे होते. ती उलट दिशेच्या बसमध्ये चढली, दोन थांबे पुढे उतरली आणि वळसा घालून परत आली. संध्याकाळी ती एकटीच कार्यालयात आली.

"निखिल बाबांशी बोलतो. मला माहीत होतं."

तिथे असलेल्या संस्थेच्या कार्यकर्तीने कधीपासून ते विचारले. दोनेक आठवड्यांपासून, असे ती म्हणाली. मग न विचारताच तिने दारामागच्या पाटीकडे बोट दाखवले. पाटीवरचा चौथा नियम होता : निवारागृहाचा पत्ता बाहेर कळवल्यास प्रवेश रद्द होईल.

"तुम्ही आम्हाला काढाल म्हणून नाही सांगितलं."

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला इथे दिसते. सुरक्षेसाठी केलेल्या नियमाने मुलीचे तोंड बंद केले आणि त्यामुळे धोका दोन आठवडे वाढत राहिला. प्रौढ बाईला हा नियम समजावून सांगून तिची सही घेतलेली असते. मुलांनी तो पाटीवर वाचला आणि त्याचा एकच अर्थ घेतला : आपण बोललो तर आई रस्त्यावर येईल.

वडिलांशी बोलणे एका ऑनलाइन गेमच्या चॅटमधून चालू होते. प्रवेशाच्या वेळी दोन्ही मुलांच्या फोनचे सिम बदलले होते, लोकेशन बंद केले होते. गेमचा विचार झाला नव्हता. निखिलने नंतर ते चॅट स्वतःहून दाखवले. त्यात धमकी नव्हती. सुरुवातीला 'कसा आहेस', 'तुझ्याशिवाय टीममध्ये मजा नाही'. मग 'आई झोपते का नीट?'. मग 'शाळेत चालत जातोस की बसने?'. मग 'खिडकीतून काय दिसतं तुला?'. प्रत्येक प्रश्न साधा, कोणत्याही बापाने विचारावा असा. सगळे एकाखाली एक वाचले की अंगावर काटा येतो. शेवटून दुसऱ्या संदेशात होते : 'मी बदललोय. तू फक्त तिला एकदा सांग.'

निखिलने पत्ता कुठेच दिलेला नव्हता. बसचा उल्लेख त्याने केला होता.

कोणते पर्याय तपासले

त्याच रात्री अधीक्षिका, कार्यकर्ती आणि कायदेशीर सल्लागार बसले. अधीक्षिकांचे पहिले म्हणणे नियमाप्रमाणे वागण्याचे होते, आणि त्यामागे कठोरपणा नव्हता. पत्ता फक्त या कुटुंबाचा नाही, इमारतीतल्या प्रत्येक बाईचा आहे. एका अपवादापायी सगळ्यांचा जीव टांगणीला लावायचा का, हा प्रश्न रास्तच होता. कार्यकर्तीने एवढेच विचारले की तिघांना बाहेर काढल्याने पत्ता पुन्हा गुप्त होणार आहे का. होणार नव्हता. प्रवेश रद्द करण्याचा पर्याय तिथेच संपला.

उरलेले पर्याय धोक्याचा नीट अंदाज घेतल्याशिवाय तपासता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यकर्ती आईशी एकटीच बसली. जॅकलिन कॅम्पबेल यांनी 1980च्या दशकात तयार केलेली धोका-मूल्यांकनाची प्रश्नावली या क्षेत्रात बरीच वापरली जाते. त्यात गळा दाबण्याबद्दल थेट प्रश्न आहे. या वेळी तो थेट विचारला गेला. 'गळ्याला हात लावला होता' या वाक्याच्या जागी मग असे आले : डोळ्यांपुढे अंधारी आली होती, शुद्धीवर आल्यावर आपण जमिनीवर कशा हेच कळेना, आणि पुढचे दोन दिवस आवाज बसला होता. ही गळा आवळल्याची लक्षणे आहेत. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराने पूर्वी गळा आवळलेल्या स्त्रियांमध्ये पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटींहून अधिक दिसली होती. त्यात घर सोडल्यानंतरचा काळ मुळातच सर्वाधिक धोक्याचा, आणि माणूस बसथांब्यापर्यंत पोहोचलेला.

म्हणजे जागा बदलणे भाग होते. प्रश्न होता, कुठे जायचे.

दुसऱ्या गावच्या निवारागृहात दोन दिवसांत जागा मिळत होती, पण फक्त आई आणि सायलीला. तिथेही मुलग्यांसाठी बाराचीच मर्यादा होती आणि अपवादाला तिथली मंडळी तयार नव्हती. तसे केले असते तर निखिलसाठी अर्थ सरळ होता : मी बोललो म्हणून मला वेगळे केले. इथेच राहून पोलीस बंदोबस्त आणि न्यायालयाचा संरक्षण आदेश मिळवणे हा दुसरा पर्याय. आदेश हवाच होता, पण कागदाने बसथांब्यावरचा माणूस लगेच हलत नाही. तिसरा पर्याय संस्थेच्या ताब्यातल्या छोट्या घराचा. काही महिने निवारागृहात काढून सावरलेल्या कुटुंबासाठी ते ठेवलेले होते. तिथे मुलाच्या वयाची अट नव्हती, पण रात्रीची गृहमाताही नव्हती.

तिसरा पर्याय निवडला गेला. दाराचे कुलूप आणि कडी बदलणे, स्थानिक पोलीस ठाण्यात आधी माहिती देणे, पहिले काही आठवडे रोज रात्री ठरलेल्या वेळी फोन, आणि मुलांची शाळा तात्पुरती बंद, हे सगळे सोबत ठरले.

काय केले

निखिलशी बोलायचे कुणी आणि कसे, यावर कार्यकर्तीने बराच विचार केला. समोर खुर्चीवर बसवून विचारले असते तर "हं" मिळाला असता. कोठीतल्या जुन्या बाकड्या अंगणात काढायच्या होत्या, तिने त्याला मदतीला बोलावले. सुरुवातीलाच तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "तुम्हाला कुणालाही इथून काढणार नाही, ते ठरलंय." दुसरी, "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला पुढे सांगावं लागेल. सांगण्याआधी तुला सांगीन." तिसऱ्या बाकड्याला तो बोलला.

वडिलांची आठवण येते हे आईसमोर बोलता येत नव्हते. इथे सगळ्यांना बाबा म्हणजे राक्षस वाटतात, पण गेम शिकवणारेही तेच होते. आणि त्या रात्री ढकलल्यानंतर वडील खाली पडल्या पडल्या त्याच्याकडे बघून म्हणाले होते, "आता कळलं ना, कुणाचं रक्त आहे ते." जिन्यातली छोटी मुलगी किंचाळली तेव्हा त्याला हेच वाक्य आठवले होते.

कार्यकर्तीने वडिलांना वाईट म्हटले नाही आणि चांगलेही म्हटले नाही. "तू ढकललंस ते आईला सोडवायला. ते मारत होते ते तिला धाकात ठेवायला. दोन्हीत हात उगारला गेला, पण कारण एक नाही. आणि ती मुलगी घाबरल्यावर तू खोलीत गेलास, तिच्या अंगावर नाही गेलास." मग तिने जागा का बदलावी लागते आहे, ते सरळ सांगितले. हा निर्णय मोठ्यांचा आहे, त्यात तुला मत विचारून तुझ्यावर ओझे टाकणार नाही, हेही सांगितले. त्याच्या हातात ज्या गोष्टी होत्या त्या मात्र खरोखर त्याच्या हातात दिल्या : फोनचे काय करायचे, शाळेत कुणाला काय सांगायचे, नव्या घरात कोणती खोली घ्यायची.

फोन जप्त करावा असे बैठकीतल्या बाकी दोघांचे मत होते. त्याऐवजी कार्यकर्ती त्याच्यासोबत बसली आणि दोघांनी मिळून फोन उघडून तपासला. त्यात गेमपेक्षा मोठी गोष्ट सापडली. फोनचे मूळ अकाउंट वडिलांनीच, निखिल लहान असताना, मुलाचे अकाउंट म्हणून उघडलेले होते. पालक-नियंत्रणाची सोय वडिलांच्या फोनवर चालू होती. सिम बदलले तरी अकाउंट तेच राहते, आणि अशा अकाउंटमध्ये मुलाच्या फोनचे लोकेशन पालकाला आपल्या बाजूने चालू करून बघता येते. घरचा सामायिक फोटो-अल्बमही जोडलेलाच होता. वडिलांना ठिकाण कळले ते चॅटमधून की अकाउंटमधून, हे आता सांगता येणार नाही. निखिलला हे जसेच्या तसे सांगितले : "तू बोललास म्हणूनच झालं, असं कुणालाही म्हणता येणार नाही." तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे मी नसतो बोललो तरी?"

पुढचा क्रम विचारपूर्वक ठरला. अकाउंट लगेच बंद केले असते तर वडिलांना त्याच क्षणी कळले असते की आपल्याला ओळखले गेले आहे, आणि असा माणूस नियंत्रण सुटल्यावर काय करील सांगता येत नाही. म्हणून आधी चॅटचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह काढून वकिलांकडे दिले. कुटुंब हलेपर्यंत फोन तसाच चालू राहिला. नव्या घरी तो नेला नाही. संस्थेकडचा एक साधा फोन नव्या अकाउंटसह निखिलला मिळाला, आणि पासवर्ड त्याचा त्याने ठेवला.

गेमचे जुने अकाउंट गेले. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ बाब वाटेल. त्यात त्याची चार वर्षे होती, आणि घर व शाळा सुटल्यानंतर तेवढेच एक ठिकाण त्याच्याकडे उरले होते. आदल्या संध्याकाळी त्याने मित्रांच्या यादीतली नावे, आकडे आणि चिन्हांसकट, वहीच्या मागच्या पानावर हाताने उतरवून घेतली. त्यातला कोण खरा मित्र आणि कोण वडिलांच्या ओळखीतला, यावर दोघांनी बसून खुणा केल्या.

सायलीचे काय झाले

नव्या घरी गेल्यावर तीन आठवड्यांत निखिल सावरू लागला. आणि सायली अंथरुणातून उठेना.

असे होते. धावपळ संपते, जबाबदारी हलकी होते, आणि तोपर्यंत रोखून धरलेले सगळे अंगावर येते. आईला वाटले, मुलगी रुसली आहे. कार्यकर्तीने तिला एकटीला गाठले आणि आडवळण न घेता विचारले, "जगू नये असं मनात येतं का?" असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा समज खरा नाही. उलट थेट विचारल्याने बोलणे सोपे होते. सायली म्हणाली, कधीकधी येते, पण काही करायचे ठरवलेले नाही.

इथे पुढचा पेच होता. आईला सांगायचे का? सोळा वर्षांच्या मुलीचा विश्वास एकदा मोडला तर ती पुन्हा कुणाला सांगणार नाही. न सांगता आईला अंधारात ठेवणेही बरोबर नव्हते, कारण रात्री घरात फक्त आई असायची. गोपनीयतेची मर्यादा बोलण्याच्या सुरुवातीला सांगितलेली होती, त्यामुळे सांगायचे की नाही हा वाद उरला नाही. कसे सांगायचे, ते सायलीने ठरवले : मी सांगीन, ताई फक्त शेजारी बसतील. कोणत्या खुणा दिसल्या की समजायचे, कुणाला फोन करायचा, औषधांचा डबा कुठे ठेवायचा, ही सुरक्षा योजना तिघींनी मिळून लिहिली. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणी त्याच आठवड्यात झाली.

आणि कागदांची पिशवी कार्यकर्तीने मागून घेतली. सायलीने ती पहिल्यांदा दिली नाही. "आईला नाही जमत" असे तिचे म्हणणे. मग एक-एक कागद तिच्यासमोर फाइलला लागला आणि सुनावणीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईने स्वतः लिहिल्या. बैठकीत सायलीने बसायचे नाही, हे आईलाच ठरवायला सांगितले. आईला ते जड गेले. पहिल्या दोन बैठकांत ती दाराकडे बघत राहायची. तिसऱ्या वेळी तिने वकिलांना मध्येच थांबवून पुन्हा समजावून सांगायला लावले.

निष्पत्ती

संरक्षण आदेश मिळाला. चॅटचे स्क्रीनशॉट त्यात उपयोगी पडले. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क संहितेतले बारावे कलम सांगते की स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्यासंबंधीच्या बाबतीत ते मांडता आले पाहिजे आणि वय व समज पाहून त्याला वजन दिले गेले पाहिजे. न्यायालयाने दोन्ही मुलांचे म्हणणे आईवडील समोर नसताना ऐकले. सायलीने वडिलांना भेटायचे नाही असे सांगितले. निखिलने भेटायचे आहे, राहायचे नाही, असे सांगितले. त्या दिवशी आई फार दुखावली. 'त्याने असे म्हणणे म्हणजे तुमच्याशी प्रतारणा नव्हे' हे तिच्याशी आधीपासून बोललेले होते, तरीही.

भेटी तिसऱ्या व्यक्तीच्या उपस्थितीत ठरल्या. वडील दोनदा आले. दोन्ही वेळा बोलणे आईच्या चौकशीवर गेले आणि दोन्ही वेळा उपस्थित व्यक्तीने ते थांबवले. तिसऱ्या भेटीला ते आले नाहीत, नंतर कधीच नाही. निखिल आठवडाभर कुणाशी बोलला नाही. मग त्याने कार्यकर्तीला विचारले, बाकड्या अजून उरल्या आहेत का.

सायलीची त्या वर्षीची परीक्षा बुडाली. पुढच्या वर्षी ती बसली आणि पास झाली. उपचार चालू आहेत.

निवारागृहातही बदल झाले. बारा वर्षांवरील प्रत्येक मुलाची स्वतंत्र फाइल असते आणि पहिल्या दोन दिवसांत त्याच्याशी एकट्याने बोलणे होते. फोन तपासताना अकाउंट कुणी उघडले, हा पहिला प्रश्न असतो. भोजनगृहालगतची एक खोली रात्री अकरापर्यंत मोठ्या मुलांसाठी उघडी राहते. पाटीवरचा चौथा नियम आता असा आहे : इथला पत्ता बाहेर कुणाला कळला असे वाटले, तर लगेच सांगा. सांगणाऱ्याला काढले जाणार नाही.

वेगळे काय करता आले असते

गळा दाबण्याचा प्रश्न प्रवेशाच्या रात्रीच थेट विचारायला हवा होता. बायका हे आपणहून 'हात लावला' असे हलके करून सांगतात. त्या वेळी योग्य नोंद झाली असती तर फोनची तपासणीही त्याच गांभीर्याने झाली असती.

निखिलच्या प्रवेशाच्या अटी त्याला अधीक्षिकांनीच समोर बसवून सांगायला हव्या होत्या. त्यासोबत त्याला इथे का घेतले, हेही. हरकत घेणाऱ्या दोघींपैकी एक बाई नंतर म्हणाली की तो तिला एकदा तरी भेटला असता, नाव कळले असते, तर भीती बरीच कमी झाली असती. मुलाची तयारी असेल तर अशी भेट घडवून आणणे अवघड नव्हते.

सायलीबद्दल लिहिताना मला वाटते की तिच्या शहाणपणाचे कौतुक होत होते तेव्हाच कुणीतरी विचारायला हवे होते की हे काम तिचे का आहे. त्रास देणाऱ्या मुलाकडे संस्थेचे लक्ष जातेच. मदत करणाऱ्या मुलीकडे जात नाही, कारण तिचा संस्थेला उपयोग होत असतो. निखिलची गृहमातेच्या वहीत निदान चुकीची का होईना, नोंद होती.

बारा वर्षांची मर्यादा कायम आहे. अपवाद लेखी निकषांवर व्हावा, रात्री कोण कामावर आहे त्यावर अवलंबून नसावा, असा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे आहे. दुसऱ्या गावच्या निवारागृहाशीही याबद्दल बोलणे चालू आहे.

आणि त्या छोट्या घराचा हिशेबही मांडायला हवा. ते घर आणखी एका बाईला, तिच्या लहान बाळासह, देण्याचे ठरले होते. या कुटुंबाला ते आधी मिळाल्यामुळे तिला निवारागृहातल्या सामायिक खोलीत आणखी चार महिने काढावे लागले. निर्णय तातडीचा होता आणि धोका खरा होता, पण तिला हे दुसऱ्याच कुणाकडून कळले. अशा वेळी रांगेतल्या कुटुंबाशी त्याच दिवशी बोलण्याची जबाबदारी आता अधीक्षिकांकडे नेमून दिली आहे. पर्यायी घर मात्र अजूनही एकच आहे.